गळाला शिसे की दगड? – स्कोफिल्ड्सच्या ओढ्याकाठचा एक प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या बातम्या आपल्या बेटावर आता परक्या राहिलेल्या नाहीत. वाक्वा असो, कास्काव्हेल असो, की बाम्बू असो, आपल्या पुष्कळ मराठी घरांतून कोणी ना कोणी मेलबर्न, पर्थ किंवा सिडनीला जाऊन स्थायिक झालेले आहे. म्हणून तिकडच्या एका लहानशा प्रश्नाबद्दल आज लिहीत आहे. प्रश्न दिसायला गोळीएवढा आहे, पण त्याचे वजन मोठे आहे.

तिकडचा उन्हाळा आपल्यासारखाच डिसेंबर-जानेवारीत येतो. त्या दिवसांत सिडनीच्या वायव्येस स्कोफिल्ड्स या गावी भाचीच्या घरी मुक्काम करण्याचा योग आला. एका रविवारी सकाळी तिचा नऊ वर्षांचा मुलगा अंगणात बसून गळ तयार करीत होता. शिशाची एक बारीक गोळी, तिला मध्ये फट. त्याने दोरी फटीत घातली, गोळी दातांखाली धरली आणि कचकन दाबली. मी म्हणालो, "अरे बाळा, ते तोंडात काय घालतोस?" तो हसून म्हणाला, "आजोबा, सगळे असेच करतात."

मुलगा खोटे बोलत नव्हता. सगळे असेच करतात. लहानपणी तामारिनच्या किनाऱ्यावर आम्हीही असेच करीत असू. क्रेओलमध्ये ज्याला आपण 'प्लों' म्हणतो, ती शिशाची वजने आमच्या खिशात गोट्यांबरोबर आणि बिस्किटांबरोबर पडलेली असत. कोणी कधी रागावल्याचे आठवत नाही. त्या वेळी ठाऊक नव्हते, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बाजूने सांगता येईल. आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आपल्या बाजूने तसे सांगता येणार नाही.

गाव आणि त्याचे पाणी

स्कोफिल्ड्स हे ब्लॅकटाऊन नगरपालिकेतले गाव. रिचमंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे. एके काळी येथे मोकळी शेते होती आणि शेजारी नौदलाचा 'निरिम्बा' तळ होता. तो १९९४ साली बंद झाला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेते गेली आणि घरांच्या रांगा आल्या. त्या घरांतून भारतातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सायंकाळी फिरायला निघाले की तेलुगू, पंजाबी, गुजराती कानावर पडते आणि अधूनमधून मराठीही.

गावाजवळून ईस्टर्न क्रीक नावाचा ओढा वाहतो. तो पुढे साऊथ क्रीकला मिळतो आणि साऊथ क्रीक विंडसरजवळ हॉक्सबरी नदीला मिळतो. म्हणजे स्कोफिल्ड्सच्या ओढ्यात जे पडेल त्याची वाट शेवटी हॉक्सबरीकडे जाते. २०२१ आणि २०२२ साली या नदीला लागोपाठ मोठे पूर आले. ओढ्याच्या तळाशी पडलेली वस्तू कायम तेथेच राहील, या समजुतीत फारसा अर्थ नाही, हे त्या पुरांनी दाखवून दिले.

या पाण्यात ईल मिळते, बास मासा मिळतो आणि परदेशातून येऊन माजलेला कार्प मिळतो. सुट्टीच्या दिवशी वडील मुलांना घेऊन काठावर बसतात. मोठ्या माणसाला गोड्या पाण्यासाठीही आणि खाऱ्या पाण्यासाठीही परवाना काढावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलाला तो लागत नाही. नव्याने आलेल्या कुटुंबांना हा छंद स्वस्तात मिळतो आणि मुले मोबाईल ठेवून झाडाखाली बसतात, ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून आरंभीच सांगतो, मासेमारी सोडा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. गळाला काय बांधावे, एवढाच येथे विचार आहे.

शिसे शरीरात काय करते

शिसे हा मऊ, जड आणि स्वस्त धातू आहे. तो ३२७ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे घरच्या गॅसच्या शेगडीवरही वितळतो. हे तीन गुण मासेमाराला सोयीचे वाटले, म्हणून तो शतकानुशतके गळाला आणि जाळ्याला लागला. कोकणात पाग फेकणाऱ्याच्या जाळ्याच्या कडेलाही शिशाचेच मणी असतात.

परंतु शरीराला या धातूचा काडीचाही उपयोग नाही. शिसे शरीरात गेले की शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. तेथे ते वर्षानुवर्षे राहते. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. शिकण्याची शक्ती, लक्ष लागणे, स्वभाव, सर्वांवर होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंड बिघडते. गर्भवती स्त्रीच्या हाडांतले जुने शिसे बाळापर्यंत पोहोचते. रक्तात इतके शिसे असले तर चालेल अशी सुरक्षित मर्यादा आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सांगितले की रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले तर ते कोठून आले याचा शोध घ्यावा.

हा प्रश्न केवळ श्रीमंत देशांचा आहे असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने 'प्युअर अर्थ' या संस्थेबरोबर २०२० साली अहवाल काढला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात त्या ५ मायक्रोग्रॅमइतके किंवा त्याहून जास्त शिसे आहे, असा त्यात अंदाज आहे. म्हणजे जगातले दर तिसरे मूल. त्यांतली फार मोठी संख्या भारतातली आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तळाशी पडलेल्या दहा-वीस गोळ्यांमुळे अख्ख्या नदीचे पाणी विषारी होत नाही. धातूच्या रूपातले शिसे पाण्यात फार हळू झिजते. अशा वजनाने धरलेला मासा खाल्ला म्हणून कोणी आजारी पडेल, असेही नाही. धोका तीन ठिकाणी आहे. पहिला, जो प्राणी ती गोळी गिळतो त्याला. दुसरा, जे मूल ती दातांत धरते, हाताळते आणि त्याच हाताने खाऊ खाते त्याला. आणि तिसरा, जो माणूस गॅरेजमध्ये किंवा स्वयंपाकघरात शिसे वितळवून वजने ओततो त्याच्या घराला. ओतताना निघालेला धूर आणि राखेची भुकटी भांड्यांवर, गालिच्यावर आणि कपड्यांवर बसते. रांगणारे मूल ती उचलते. या तिन्ही ठिकाणांचा विचार करावयाचा आहे.

राजहंसांनी इंग्लंडला काय शिकविले

प्राण्यांचा धोका जगाच्या ध्यानात आला तो इंग्लंडमध्ये. पक्ष्याला दात नसतात. धान्य आणि पाणवनस्पती दळण्यासाठी तो बारीक खडे गिळतो. ते खडे त्याच्या पोटातल्या पेषणीत जाऊन बसतात आणि जात्यासारखे काम करतात. राजहंस लांब मान पाण्यात घालून तळाशी खडे शोधतो. तेथे गळाची तुटलेली शिशाची गोळी पडलेली असते. आकार खड्यासारखा, रंग खड्यासारखा. तो ती गिळतो. मग खडे त्या गोळीला दळतात, पोटातले आम्ल तिला विरघळवते आणि विष रक्तात जाते. पेषणीचे स्नायू लुळे पडतात. घशापर्यंत अन्न असूनही पक्षी उपाशी मरतो. मानेचे बळ गेल्यामुळे ती पाठीवर मोडल्यासारखी पडते.

शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावी एव्हन नदीवर राजहंसांचा प्रसिद्ध कळप होता. १९७० च्या दशकात तो जवळजवळ नाहीसा झाला. टेम्स नदीवरही हीच अवस्था झाली. १९८३ साली पर्यावरण-प्रदूषणाचा विचार करणाऱ्या शाही आयोगाने शिशावर स्वतंत्र अहवाल दिला आणि गळाच्या शिशाला पर्याय आणण्याचा आग्रह धरला. सरकारने प्रथम मासेमारांना आपणहून शिसे सोडण्याची विनंती केली. विनंतीने काम भागले नाही. शेवटी १९८६ साली नियम केले आणि १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने विकण्यास व आणण्यास बंदी झाली. २८.३५ ग्रॅम म्हणजे एक औंस. राजहंसाच्या गळ्यातून उतरतील अशीच ही वजने होती. त्यानंतर राजहंसांची संख्या पुन्हा वाढू लागली.

या कहाणीतून दोन धडे निघतात. पहिला असा की उपाय केला तर गुण येतो. दुसरा असा की दुकानात स्वस्त शिसे समोर टांगलेले असताना नुसत्या विनंतीने माणसे बदलत नाहीत. हा दुसरा धडा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडेल.

इतर देश आणि ऑस्ट्रेलिया

इंग्लंडनंतर इतरांनीही पावले टाकली. कॅनडाने १९९७ साली आपल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालील शिशाची वजने वापरण्यास मनाई केली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी २००० सालापासून सरोवरांत लहान शिसे बंद केले. तेथे जुने शिसे दुकानात देऊन त्याबदली नवे साहित्य घेण्याची सोयही करण्यात आली. डेन्मार्कने २००२ साली शिशाच्या वजनांची आयात आणि विक्रीच थांबविली. युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे उडविणे बंद आहे. मासेमारीच्या शिशावरही बंधने यावीत, असा प्रस्ताव त्यांच्या रसायन संस्थेने २०२१ साली मांडला.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी आहे. हा देश शिशावर वाढलेला आहे. न्यू साऊथ वेल्सच्याच पश्चिम टोकाला ब्रोकन हिल येथे १८८३ साली चांदी-शिशाचा प्रचंड साठा सापडला आणि त्यातून देशातल्या मोठमोठ्या खाण-कंपन्या उभ्या राहिल्या. त्या गावातल्या मुलांचे रक्त आजही नियमित तपासले जाते. गावाने आपली किंमत मोजली आहे. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २००२ पासून मोटारीच्या पेट्रोलमधून शिसे काढले. पाणपक्ष्यांच्या शिकारीतले शिशाचे छर्रे अनेक राज्यांनी बंद केले. न्यू साऊथ वेल्सने तर १९९५ साली करमणुकीसाठी बदके मारणेच थांबविले. परंतु गळाच्या शिशावर देशभर लागू होईल अशी बंदी नाही. साहित्याच्या दुकानात ते उघड मिळते, मुलालाही मिळते.

असे का झाले? माझ्या मते कारण असे की ज्या गोष्टीचा कारखाना दिसतो, धुराडे दिसते, तिच्याकडे सरकारचे लक्ष जाते. गळाचे शिसे हजारो खिशांतून थोडेथोडे पाण्यात जाते. त्याचे धुराडे नाही. इंग्लंडमध्ये मेलेला राजहंस पाण्यावर तरंगताना सर्वांना दिसला, म्हणून कायदा झाला. स्कोफिल्ड्सच्या ओढ्यात मेलेले पाणबदक झुडपात पडते आणि कोल्हा ते घेऊन जातो. जे दिसत नाही त्याची फाईल उघडत नाही.

दगडाचा हिशेब

मग गळाला काय बांधावे? बाजारात कथील, पोलाद, बिस्मथ आणि टंगस्टन यांची वजने मिळतात. टंगस्टन शिशाहूनही जड, पण फार महाग. जस्ताच्या वाटेला जाऊ नये, तेही पक्ष्याला विषारीच आहे. या सर्वांच्या आधीची आणि फुकटची वस्तू म्हणजे दगड. जगभरच्या उत्खननांत दोन बाजूंना खाचा पाडलेले गोटे सापडतात. ती जुन्या माणसांच्या जाळ्यांची वजने. न्यू साऊथ वेल्समध्येच ब्रेवारिना येथे बार्वन नदीत तेथल्या मूळ रहिवाशांनी रचलेले दगडी मत्स्यबांध आहेत. मासे धरण्याच्या कामी दगड नवखा नाही.

पण दगड शिशाची बरोबरी करतो का? येथे भावना बाजूला ठेवून हिशेब करू. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड असते आणि साधा कठीण दगड २.६५ पट. पाण्यात प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाइतक्या पाण्याच्या वजनाने हलकी होते. ३० ग्रॅम शिशाचे पाण्यात सुमारे २७ ग्रॅम वजन उरते. तेवढेच वजन पाण्यात उरावे म्हणून दगड ४४ ग्रॅमचा घ्यावा लागेल. म्हणजे वजनाने दीडपट. आकारमानाने मात्र तो सहापट मोठा होतो. शिशाची गोळी बोराच्या बीएवढी असेल, तर दगड लहान लिंबाएवढा.

या सहापटीत दगडाचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. मोठा असल्यामुळे वाहत्या पाण्यात प्रवाह त्याला जास्त ढकलतो. लांब फेकताना वारा त्याला अडवितो. विंडसरला हॉक्सबरीत भरती-ओहोटीचा जोर जाणवतो. तेथे ओढ असलेल्या वेळी दगड हटून बसेल. उलट ईस्टर्न क्रीकच्या साचलेल्या डोहात किंवा संथ तळ्यात तो निवांत बसतो. मोठा असल्यामुळे खडकांच्या बारीक फटीत अडकत नाही. तळाच्या रंगात मिसळतो. आणि तुटून राहिलाच तर नदीला आणखी एक दगड मिळतो, दुसरे काही नाही.

पक्ष्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे गोष्ट पुरी होते. तो बिचारा तळाशी खडेच शोधत होता. त्याला खडा मिळाला तर त्यात बिघडले काय?

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. तरंगत्या बुचाखाली लावण्याची जी अगदी बारीक गोळी, तिची जागा दगड घेऊ शकत नाही. आणि पक्ष्याला व मुलाला खरा धोका त्याच गोळीचा. तेथे कथिलाची गोळी विकत घ्यावी. तीही मऊ असते आणि चिमट्याने दाबता येते. म्हणजे तळाच्या गळाला दगड आणि बुचाच्या गळाला कथील, असा हा जोड-उपाय आहे. दगडाने सर्व प्रश्न सुटतील असे जो सांगेल, त्याने गळ टाकून पाहिलेला नसावा.

कोणता दगड आणि कुठला?

सगळे दगड सारखे नसतात. सिडनीच्या आसपास वालुकाश्म पुष्कळ. तो हलका आणि भुसभुशीत असतो. त्याचा ४४ ऐवजी ४८ ग्रॅमचा तुकडा लागेल आणि दोराखाली त्याची कड झिजेल. स्कोफिल्ड्सच्या खाली जो शेल आहे तो तर पापुद्र्यासारखा फुटतो. काळा, जड, ज्वालामुखीचा दगड सर्वांत चांगला. तो ४२ ग्रॅमचा पुरतो. ब्लॅकटाऊनच्या दक्षिणेस प्रॉस्पेक्टच्या टेकडीत तशा जातीचा काळा दगड होता आणि सिडनीच्या रस्त्यांसाठी तो दीर्घकाळ फोडला गेला.

आता दगड आणावा कुठून? ओढ्यातून उचलावा, हे पहिले उत्तर मनात येते. ते चूक आहे. पाण्यातल्या दगडाखाली किडे, गोगलगायी आणि माशांची अंडी असतात. कोरड्या रानातल्या दगडाखाली पाली आणि सरडे राहतात. न्यू साऊथ वेल्समध्ये १९९९ साली रानातले दगड उचलून नेणे हीच गोष्ट वन्यजीवांना धोका म्हणून सरकारी यादीत घातली गेली. बागा सजविण्यासाठी लोकांनी गाड्या भरभरून दगड नेले, त्याचा हा परिणाम. शिशापासून पक्षी वाचवायचा आणि सरड्याचे घर उचलायचे, हा कुठला न्याय? शिवाय एका पाण्यातला ओला दगड दुसऱ्या पाण्यात टाकला तर त्याबरोबर तण जाते. २००४ साली साल्विनिया नावाच्या तरंगत्या तणाने हॉक्सबरी मैलोगणती झाकून टाकली होती, ते तेथील लोक विसरलेले नाहीत.

स्कोफिल्ड्समध्ये तर उत्तर दाराशीच आहे. नवी वसाहत म्हणजे खडीचा ढीग. स्वतःच्या अंगणात घातलेली खडी आहे, बागेच्या सामानाच्या वखारीत गोट्यांची पिशवी मिळते. एका पिशवीत एका कुटुंबाची कितीतरी वर्षांची वजने निघतील. गोटे धुवावे, वाळवावे, स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलावे आणि वजनाप्रमाणे डब्यात घालावे. मुलांना हे काम फार आवडते.

बांधण्याची रीत सोपी आहे. साधा सुती दोरा गोट्याभोवती भेटवस्तूच्या पुडीला बांधतात तसा उभा-आडवा बांधावा आणि एक फास ठेवावा. गोटा गुळगुळीत असेल तर दोन बाजूंना कानशीने घासून खाच पाडावी. महत्त्वाची गोष्ट एकच. हा सुती दोरा गळाच्या मुख्य दोरीहून कमजोर असला पाहिजे. दगड अडकला की फक्त सुती दोरा तुटतो, बाकीचा गळ परत येतो आणि मासा तुटलेली दोरी ओढत फिरत नाही. सुती दोरा पाण्यात कुजून जातो. डिंक, प्लॅस्टिकची जाळी, नायलॉनचा मोजा यांतले काही लावू नये. नाहीतर एक विष काढून दुसरा कचरा टाकल्यासारखे होईल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा: ब्रोकन हिलसारख्या खाणींतून डोंगराएवढे शिसे निघाले, तेथे एका मुलाच्या चार गोळ्यांचा हिशेब काय मांडता? याला उत्तर असे की खाण माझ्या भाचीच्या अंगणात नाही. त्या चार गोळ्या आहेत. मुलाच्या दातांखाली जे जाते, त्याची तुलना खाणीशी करावयाची नसते. त्याच्या तोंडाशी करावयाची असते.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. दगड बांधा, हा घरगुती उपदेश आहे आणि इंग्लंडमध्ये तर नुसत्या उपदेशाने काही झाले नाही, असे तुम्हीच सांगितले. हे खरे आहे. म्हणून दोन्ही गोष्टी हव्यात असे मी मानतो. लहान शिशाची विक्री थांबविणारा कायदा न्यू साऊथ वेल्सने करावा. परवान्याच्या शुल्काचा पैसा तेथे मासेमारीच्या विश्वस्त निधीत जमा होतो आणि मासेमारांच्याच हितासाठी खर्च होतो. त्यातून जुने शिसे घेऊन बदली कथिलाच्या गोळ्या देण्याची सोय करता येईल. मागणी करणाऱ्यांत आपली माणसेही असावीत. परवान्याचे पैसे आपणही भरतो, तेव्हा विचारण्याचा हक्क आपलाही आहे. नव्या देशात आपण फक्त पाहुण्यासारखे राहावे, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

परंतु कायदा येईपर्यंत मूल थांबत नाही. ते या वर्षी नऊ वर्षांचे आहे, पुढल्या वर्षी दहाचे होईल. कायद्याला दहा वर्षे लागली तर ते मोठे होऊन गेलेले असेल. सवय आज लागते. आणि स्कोफिल्ड्ससारख्या गावात, जेथे शेकडो कुटुंबे पहिल्यांदाच गळ हातात धरीत आहेत, तेथे पहिली सवयच दगडाची लावणे सोपे आहे. जुनी मोडण्यापेक्षा नवी लावणे केव्हाही सोपे.

आपल्या बेटाकडे पाहताना

वाचकहो, हे सर्व वाचून आपण म्हणाल, आमचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे. ला फेर्म आणि मार-ओ-वाक्वाच्या काठावर आपलीही मुले उभी असतात. आपल्या तळ्यांतही पाणकोंबड्या पोहतात. तेर रूजच्या खाडीला येणाऱ्या दूरदेशीच्या पक्ष्यांसाठी तर ती जागा २००१ सालापासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदलेली आहे. आणि 'प्लों' दातांनी दाबण्याची रीत आपल्याकडेही आहेच.

दगडाच्या बाबतीत तर आपण भाग्यवान आहोत. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की ज्या खोल उष्ण ठिकाणातून सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण वर आला, त्याच ठिकाणाने पुढे आपले मॉरिशस घडविले. म्हणजे सह्याद्रीचा दगड आणि आपल्या बेटाचा दगड एकाच चुलीवरचे. आपले पूर्वज येथे आले तेव्हा उसाच्या शेतांतून हाच काळा दगड त्यांनी हातांनी वेचला आणि त्याचे ढीग रचले. त्या ढिगांकडे पाहून आपल्याला त्यांचे कष्ट आठवतात. शेताच्या बांधावरचा त्यातला एक मूठभर खडा पणतवंडाच्या गळाला लागला, तर ते कोणाला आवडणार नाही?

त्या रविवारचे शेवटी सांगून टाकतो. मुलाला मी रागावलो नाही. त्याच्या आईने त्याचे हात आणि तोंड धुतले. शिशाच्या गोळ्या एका झाकणाच्या डब्यात बंद करून नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात देण्यासाठी वर ठेवल्या. मग आम्ही दोघे अंगणातल्या खडीत बसून गोटे निवडू लागलो. तोलताना तो म्हणाला, "आजोबा, दगड तर फुकट आहे, मग लोक शिसे विकत का घेतात?" मी त्याला सांगितले की याचे उत्तर मोठ्यांनी द्यायचे आहे.

दुपारी ओढ्यावर त्याला एक लहान ईल मिळाली. दोन दगड अडकून तुटले. ते अजून तेथेच पडलेले असतील आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.